पुढे एकोणतीस, मागे साडेसत्तावीस

नकाशेवाल्यांच्या संसारात एक वाद लग्नाच्याही आधीपासून चालत आला होता, आणि तो सायकलचा होता. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण पाणीपुरवठा खात्यात सगळी हयात नकाशे काढण्यात गेल्यामुळे शेजारीपाजारी त्यांना नकाशेवालेच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. आडनाव काय, जन्माबरोबर फुकट मिळतं. हे त्यांनी कमावलेलं होतं.

तर वाद असा. लग्न ठरल्यावर दोघं सुट्टीच्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या टेकडीवर जायची. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची जुनी दगडी टाकी होती, टाकीला रुंद कठडा होता, आणि त्यावर बसलं की सगळं शहर पायाशी दिसायचं. तिच्याकडे लाल रंगाची माउंटन बाइक होती, गिअरची, पहिल्या पगारातून घेतलेली आणि साऱ्या कॉलनीतली पहिली. यांच्याकडे वडिलांची काळी सायकल होती. ती इतकी जड होती की तिला स्टँडवर चढवण्यातच माणसाचा निम्मा व्यायाम व्हायचा. पायवाट तशी बरी होती. फक्त टाकीच्या अलीकडे एक वळण होतं, खडीचं आणि अंगावर येणारं. त्या वळणावर ती कधी उतरली नाही, आणि हे कधी न उतरता गेले नाहीत. हे घामाघूम होऊन, सायकल ढकलत वर पोचायचे तेव्हा ती कठड्यावर पाय हलवत बसलेली असायची आणि यांना बघून हसायची.

"गिअर असते तर," नकाशेवाले पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

ते वाक्य पुढे संसारभर पुरलं. मुलगी झाली, शाळेत गेली, शिकली, परक्या शहरात नोकरीला लागली. काळी सायकल भंगारात गेली, लाल सायकल जिन्याखाली गेली, दारात स्कूटर आली. टेकडी तर पार मागे पडली. पण चार माणसं चहाला जमली आणि गोष्ट जुन्या दिवसांवर आली की बायको सांगायची, "यांना उतरावं लागायचं बरं का!" आणि नकाशेवाले कप बशीत ठेवून, न्यायालयात जबानी द्यावी इतक्या गंभीरपणे म्हणायचे, "गिअर असते तर." आपल्यात काही कमी नव्हतं, जी काय कमी होती ती सायकलीत होती, हा त्यांच्या आयुष्यातला एक भक्कम आधार होता. माणसाला असा एखादा आधार लागतोच.

आणि मग एक दिवस तो आधार तपासून बघायची वेळ आली. खात्याने जुनी टाकी पाडून तिथे नवी बांधायची ठरवली. सगळ्या टेकडीला कुंपण पडणार होतं, फाटक बसणार होतं, येणंजाणं कायमचं बंद होणार होतं. कुंपणाचा नकाशा अर्थातच नकाशेवाल्यांच्या टेबलावर आला. त्यांनी नियमाप्रमाणे लाल रेघ ओढली. ती पायवाटेला पायथ्याशीच छेदून गेली, आणि वळण पार आत राहिलं. रेघ ओढून झाल्यावर ते माउस हातात धरून बराच वेळ नुसते बसून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, संगणक अडकलाय.

घरी येऊन त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मग एकदा जाऊन येऊ या ना," ती म्हणाली. "बंद व्हायच्या आधी. सायकलवर."

"सायकली कुठायत?"

"माझी आहे की जिन्याखाली. तुम्ही एखादी भाड्याने घ्या."

इथे नकाशेवाल्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर ही गोष्ट पुढच्या रविवारी संपली असती. पण इतक्या वर्षांनी शेवटची संधी चालून आलेली, ती काय भाड्याच्या सायकलवर उधळायची? ते छाती पुढे काढून म्हणाले, "भाड्याची नको. नीट, मापाची, चढाची सायकल जुळवून घेतो. आणि या वेळी मी ते वळण न उतरता चढणार."

"मी कुठे म्हटलं चढा म्हणून?"

"मी म्हणतोय ना!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता गिअर असणार. म्हणजे या वेळी जर उतरावं लागलं, तर दोष द्यायला सायकलही उरणार नव्हती. जीव थोडा टांगणीला लागला खरा, पण शब्द तोंडातून गेलेला होता.

सायकलचं दुकान म्हणजे एक प्रकारचा दवाखानाच होता. पांढऱ्या दिव्यांखाली फ्रेमी उलट्या टांगलेल्या, काचेच्या कपाटात ब्रेकांचे सुटे अवयव मांडलेले, आणि दुकानदार काळा एप्रन घालून, गिऱ्हाइकाच्या गुडघ्याकडे बघत बोलणारा.

"कुठे दुखतं?" अशा सुरात त्याने विचारलं, "कुठे चालवणार?"

"चढावर," नकाशेवाले म्हणाले.

"चाक कितीचं?"

नकाशेवाल्यांना वाटत होतं, चाक म्हणजे चाक. दुकानदाराने त्यांना तीन चाकं दाखवली. सव्वीस इंची, साडेसत्तावीस इंची आणि एकोणतीस इंची. त्यातल्या सव्वीसवर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "हे आता कुणी विचारत नाही. जुन्या सायकलींना असायचं." जिन्याखालच्या लाल सायकलीचं चाक सव्वीसचंच होतं. आपल्या घरातल्या माणसाबद्दल कुणी तिऱ्हाइताने बोलावं तसं नकाशेवाल्यांना थोडं लागलं. उरलेल्या दोहोंतलं कोणतं घ्यायचं ते विचार करून सांगतो म्हणून ते घरी आले, आणि त्यांनी आयुष्यातली मोठी चूक केली. त्यांनी तो विचार जिन्यात, मोठ्याने केला.

वरच्या मजल्यावर निवृत्त ड्रिल मास्तर राहत. त्यांनी तो वरून ऐकला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत आले. "एकोणतीस!" ते शिट्टी वाजवावी तसं म्हणाले. "डोळे मिटून एकोणतीस. चाक मोठं की दगड लहान होतो. साधं शास्त्र आहे. आणि उद्यापासून माझ्याबरोबर उठाबशा." उठाबशांचं नकाशेवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण एकोणतीस त्यांना पटलं. शिवाय मास्तरांना नाही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं. नकाशेवाल्यांच्या बिछान्याच्या बरोबर वर मास्तरांची दोरीवरच्या उड्या मारायची जागा होती, आणि केवळ शेजारधर्म म्हणून मास्तर खाली गादी टाकून उड्या मारत. गादी काढायला कितीसा वेळ लागतो?

मग फ्रेमचं माप. दुकानदाराने सांगितलं होतं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करायची. जमिनीपासून खुणेपर्यंत जे भरेल त्यावरून फ्रेम. नकाशेवाल्यांनी खात्याच्या दरसूचीचा जाडजूड ग्रंथ घेतला आणि दिवाणखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बायको पेन्सिल घेऊन समोर बसली.

"बूट काढा की," ती म्हणाली.

"सायकल काय अनवाणी चालवायची? माप नेहमी प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत घ्यावं."

हे खात्याचं तत्त्व होतं आणि ते चुकीचं नव्हतं. फक्त त्यांच्या पायात त्या वेळी ऑफिसचे नवे, जाड तळव्यांचे बूट होते. त्याच क्षणी मुलीचा व्हिडिओ फोन आला. बायकोने तो उचलून कॅमेरा सरळ त्यांच्याकडे वळवला.

"बाबा, तुम्ही काय करताय?" मुलगी घाबरून म्हणाली.

"माप घेतोय," दरसूची गुडघ्यांनी सावरत नकाशेवाले म्हणाले, आणि दार उघडंच असल्यामुळे खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टरही आत डोकावले. भुवया उंचावून ते परत गेले, आणि त्याचंच नकाशेवाल्यांना जास्त लागलं. निघालेल्या मापाप्रमाणे एकोणतीस इंची चाकांची मोठी फ्रेम लांबच्या शहरातून मागवली गेली. पेन्सिलची खूण नव्या रंगाच्या भिंतीवर राहिली. बायको येताजाता तिच्याकडे बघायची आणि तोंडाला पदर लावायची.

डॉक्टरांचं खरं मत पुढच्या आठवड्यात कळलं, तेही अगदी अवघड जागी. नकाशेवाल्यांच्या दाढेचं काम त्यांच्याकडे निम्मं झालेलं आणि निम्मं बाकी होतं. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, हातात गरगरणारं यंत्र आलं, आणि डॉक्टर म्हणाले, "मास्तरांनी म्हणे एकोणतीस घ्यायला लावलं?"

नकाशेवाल्यांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी भुवया वर केल्या.

"लहान तोंडी मोठं अवजार घातलं की हात वळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला विचारा. वळणाला लहान चाक हवं. साडेसत्तावीस. पण आमचं कोण ऐकतं? आम्ही काय, दातांचे डॉक्टर." यंत्राचा आवाज जरा चढल्यासारखा वाटला. नकाशेवाल्यांनी कापसासकट जोरजोरात मान डोलावली आणि साडेसत्तावीस कबूल करून टाकलं.

घरी येऊन त्यांनी कपाळाला हात लावला. एकोणतीस सोडलं तर वरची गादी जाणार, साडेसत्तावीस सोडलं तर खालची दाढ. त्या दिवसापासून जिन्यात दोन तट पडले. डॉक्टर आणि मास्तर एकमेकांना नमस्कार करीनासे झाले. भाजीवाल्या बाईसुद्धा पिशवी भरता भरता विचारायच्या, "काय ठरलं हो चाकाचं?" जन्मात शेजाऱ्यांना दुखवायचं नाही या धोरणावर ज्याने दिवस काढले, त्या माणसाने अशा वेळी काय करावं? त्याने मधला मार्ग काढावा. नकाशेवाल्यांनी दुकानात जाऊन विचारलं, "पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस लावलं तर?"

दुकानदाराने एप्रनला हात पुसले. "हल्ली लावतात तसं. पण फ्रेम त्यासाठी बेतलेली असावी लागते. तुमची दोन्हीकडे एकोणतीसची आहे. मागचं बसेल, पण सायकल मागे कलेल. सगळे कोन बदलतात."

"कोनांचं माझ्यावर सोडा," नकाशेवाले म्हणाले. तीस-बत्तीस वर्षं कोन काढलेल्या माणसाला कोन शिकवतो म्हणजे काय! मास्तरांना गॅलरीतून पुढचं चाक दिसेल, डॉक्टरांना त्यांच्या खिडकीतून मागचं, असा तो चोख आराखडा होता. सायकलचा त्यात फारसा विचार झाला नव्हता इतकंच.

या सगळ्यात रविवार येत होते आणि जात होते. दर रविवारी सकाळी बायको पायात कॅनव्हासचे बूट चढवून, बाटलीत पाणी भरून विचारायची, "आज?" आणि नकाशेवाले म्हणायचे, "आज कसं? अजून ब्रेक यायचेत." किंवा चेन यायची असायची, किंवा पुढचा शॉकअप. तिने एकदाच त्यांचा हात धरून म्हटलं, "अहो, मला नुसतं जाऊन यायचंय." ते म्हणाले, "जायचंच आहे गं, पण नीट जायचं." मग तिने जिन्याखालून लाल सायकल काढली, पुसली, तेल घातलं, हवा भरली आणि ती तिच्यावरून बाजारात जायला लागली. पहिल्यांदा ती कोपऱ्यावरून वळताना घंटी वाजवत गेली तेव्हा नकाशेवाले खिडकीत होते. पाठमोरी ती अगदी पूर्वीसारखी दिसली. ते लगेच शॉकअपवाल्याला फोन लावायला बसले.

मुलीचा फोन आला तो सरळ विषयावर. "बाबा, आई दर रविवारी तयार होऊन बसते, माहितेय ना? फाटक केव्हा बसणार?"

"नकाशा मीच काढलाय," नकाशेवाले म्हणाले. "मला माहितेय."

त्यांना माहीत होतंच. म्हणून तर घाई होती, आणि घाई होती म्हणून तर फ्रेम पार्सल ऑफिसात अडकली.

पार्सल ऑफिसच्या लांबलचक खोलीत दोन खिडक्या होत्या. एकीवर 'सुटे सामान' आणि दुसरीवर 'वाहने' अशी पाटी होती. नकाशेवाले पहिल्या खिडकीवर गेले.

"काय आहे आत?" चष्मा कपाळावर चढवलेल्या कारकुनाने विचारलं.

"सायकलची फ्रेम."

"म्हणजे सायकल."

"सायकल नाही. नुसती फ्रेम. चाकं नाहीत."

"चाकं नाहीत म्हणून ती काय टेबल झाली? सायकल म्हणजे वाहन. पलीकडे."

पलीकडच्या खिडकीवर एक बाई पावत्यांना टाचण्या लावत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्याकडून वाहन उचलून नेता येत नाही," त्या म्हणाल्या. "उचलताना पडलं, कुणाला लागलं, की आमच्यावर येतं. वाहन ढकलत न्यायचं, असा नियम आहे. तुमचं ढकलता येतं का?"

"चाकंच नाहीत तर ढकलू कसं?"

"तेच म्हणतेय मी."

एरवी कुणी चिडलं असतं. पण नकाशेवाले स्वतः सरकारी माणूस. यापेक्षा किरकोळ कारणावरून त्यांनी स्वतःच्या टेबलावरून भल्याभल्यांना परत पाठवलं होतं. उलट त्या बाईंच्या ठामपणाबद्दल त्यांना आतून आदरच वाटला. ते मुकाट्याने दुकानात गेले, पुढचा शॉकअप काखेत मारला, दोन्ही खांद्यांवर एकेक चाक अडकवलं आणि भर रस्त्याने चालत निघाले. चौकातला पोलीस हात वर केलेलाच विसरला. ओळखीचा एक जण स्कूटर थांबवून म्हणाला, "बाकीची कुठे पडली हो?" अब्रूचं तर पार खोबरं झालं, पण वळण डोळ्यांपुढे ठेवून ते चालत राहिले. पार्सल ऑफिसात फरशीवर मांडी घालून त्यांनी फ्रेमला शॉकअप आणि चाकं बसवली. चेन नाही, हँडल नाही, सीट नाही, असं ते वाहन बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, ढकलून दाखवायला सांगितलं, आणि 'चालू स्थितीत' असा शिक्का मारला.

टायरांचं आणखी एक प्रकरण झालं. दुकानदाराच्या मते आता ट्यूब घालायची नसते, टायरमध्ये पांढरं औषध ओतायचं असतं, म्हणजे काटा गेला तरी भोक आपोआप बुजतं. नकाशेवाल्यांनी ते काम घरी करायचं ठरवलं. मोठ्या पंपाने हवा भरायला मास्तर आले. कसं चाललंय बघायला डॉक्टरही आले, तेही नेमके दवाखान्यात जायचे कपडे घालून. मास्तरांनी "एक, दोन, एक, दोन" करत पंप मारला, टायर एका बाजूने सुटलं, आणि अर्धी बाटली औषध डॉक्टरांच्या शर्टावर, चष्म्यावर आणि मिशीवर गेलं. ते भोक बुजवणारं औषध असल्यामुळे मिशी जागच्या जागी घट्ट झाली. मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले, "मागचं चाक आहे, म्हणजे माझंच. चालायचं." त्या दिवसापासून दोघं पुन्हा नमस्कार करायला लागले. या सायकलने पुरं केलेलं म्हणता येईल असं हे एकमेव काम.

अखेर सायकल उभी राहिली. निळीशार, देखणी आणि नकाशेवाल्यांना एक माप मोठी. साध्या बुटांवर ते दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवू शकत नव्हते. टेकवायचा प्रयत्न त्यांनी दुकानात एकदा केला आणि नंतर काही वेळ ते खुर्चीवर डोळे मिटून बसले. ऑफिसच्या जाड बुटांवर मात्र जेमतेम जमत होतं. दुकानदार म्हणाला, "फ्रेम बदलू या का? महिनाभर लागेल." महिनाभर कुठे होता हाताशी? टेकडीवर खांब रोवायला सुरुवात झालेली होती. तेव्हा त्या रविवारी नकाशेवाले इस्त्रीच्या शर्टात, पॉलिश केलेले ऑफिसचे बूट घालून निघाले. बायकोने एकदा बुटांकडे आणि एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाल सायकल बाहेर काढली.

टेकडीच्या पायथ्याशी साखळी लागलेली होती, आणि साखळीपाशी खुर्ची टाकून पहारेकरी.

"बंद झालंय," तो म्हणाला. "उद्या यंत्रं येतायत वर."

"अहो, हा कुंपणाचा नकाशा मी स्वतः काढलाय," नकाशेवाले म्हणाले.

"मग तर तुम्हाला माहीतच असणार की आत जाता येत नाही."

बायको पुढे झाली. "दादा, आमचं लग्न ठरलं तेव्हा यायचो आम्ही इथे," ती म्हणाली. "एकदा वर बसून लगेच परत येतो." पहारेकऱ्याने दोघांकडे बघितलं, जरा जास्त वेळ त्या बुटांकडे बघितलं, आणि साखळी खाली टाकली.

पायवाट तशीच होती. एका बाजूला सुकं गवत, दुसऱ्या बाजूला शहर हळूहळू खाली जाणारं. बायकोची लाल सायकल कुरकुरत पुढे होती, तिची वेणी आता करडी झालेली, पण चढाला वाकायची तऱ्हा तीच. मागून नकाशेवाले. गिअर खटाखट पडत होते, पाय गरगर फिरत होते, श्वास बरा होता. ते मनातल्या मनात म्हणत होते, बघ, सायकलचंच होतं सगळं. त्यांना एकदम पंचवीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं.

मग वळण आलं. ते मुळीच लहान झालेलं नव्हतं. बायको सीटवरून किंचित उठली आणि संथपणे, खडी चुरचुरवत चढायला लागली. नकाशेवाल्यांनी सगळ्यांत हलका गिअर टाकला आणि जोर लावला. दुकानदार म्हणाला होता तशी मागे कललेली ती सायकल चढामुळे आणखी मागे कलली. पुढचं एकोणतीस इंची चाक जमिनीवरून अलगद उठलं आणि आभाळाकडे बघायला लागलं. ते खाली दाबायला नकाशेवाले पुढे झुकले, तेवढ्यात खाली आलेलं पॅडल एका दगडावर आपटलं, बूट सटकला, आणि ते खडीत बसले. सायकल सावकाश, काही घाई नसल्यासारखी, त्यांच्या अंगावर येऊन पडली.

वर चुरचुर थांबली. बायकोने मागे वळून पाहिलं होतं. निम्मं वळण चढून झालेलं, आता आणखी दहा-पंधरा हात, की वर.

"उतरू नकोस!" नकाशेवाले सायकलखालून ओरडले. "जा तू! वर थांब! मी आलोच!"

ती उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या वळणावर उतरली. लाल सायकल तिने गवतात आडवी केली आणि खडीवरून जपून पाय टाकत खाली आली. आधी तिने त्यांच्यावरची सायकल बाजूला केली.

"लागलं?"

"नाही. मागचं चाक दीड इंचाने लहान पडलं. तेच जर सारखं असतं तर..." ते थांबले. इतकी वर्षं जपलेलं जे काही होतं ते त्या खडीत सांडलेलं त्यांना स्पष्ट दिसत होतं. "नाही जमलं," ते म्हणाले. "मलाच नाही जमलं. तेव्हाही मलाच जमायचं नाही बहुतेक."

बायको त्यांच्याजवळ खडीतच बसली. त्यांच्या कोपराला लागलेली माती तिने ओढणीने पुसली.

"एक सांगू? वर बसून मला फार कंटाळा यायचा."

"कंटाळा? तू तर हसायचीस!"

"तुम्ही दिसलात की हसायचे. त्याच्या आधी काय करायचे मी? एकटीने टाकीचे दगड बघत बसायचे. वाटायचं, कधी येतायत, कधी येतायत."

"मग उतरायचं होतंस गं. आलो असतो की चालत, बरोबर."

"मी उतरायला लागले की तुम्ही खालून ओरडायचात. उतरू नकोस, जा तू, वर थांब, मी आलोच." ती म्हणाली. "आत्ता ओरडलात ना, अगदी तसंच."

नकाशेवाल्यांनी आठवून पाहिलं. आठवायला काही लांब जावं लागलं नाही. तो आवाज अजून त्यांच्याच घशात होता. त्यांना त्या जुन्या, काळी सायकल ढकलणाऱ्या स्वतःचा भयंकर राग आला, आणि तेवढीच दयाही आली. केवढा तरुण होता तो, आणि केवढा मूर्ख.

"मग आज कशी उतरलीस?"

"आज तुम्ही सायकलखाली होतात. माझं काय करणार होतात?"

यावर दोघंही हसायला लागली. नकाशेवाल्यांचं हसू बराच वेळ थांबेना. मग बायकोने हात दिला आणि ते उठले. दोघांनी आपापली सायकल उचलली आणि ढकलायला सुरुवात केली. ऑफिसचे बूट खडीवरून घसरत होते. दोनदा तिने त्यांना दंडाला धरून सावरलं. मुलीला रविवारच्या फोनवर काय सांगायचं ते बायको ठरवत होती, आणि त्यातलं पडण्याचं गाळावं म्हणून नकाशेवाले घासाघीस करत होते. बोलता बोलता वळण कधी संपलं ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

वर आल्यावर नकाशेवाले एकदम थांबले. टाकी समोर होती, उन्हात तापत असलेली, आणि तिचा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. इतक्या वेळा ते इथे आले, पण हा कठडा त्यांनी रिकामा असा कधी पाहिलाच नव्हता.

"चला," बायको म्हणाली, आणि दोघं बसायला गेली.